चिठ्ठीच्या पुढची ओळ

१ जानेवारी, बुधवार

माझ्या चिठ्ठीत 'गप्प राहा' आलंय. चर्चच्या मंडळीत एवढ्या बाया, एवढे गडी. कुणाला गरुडाचे पंख, कुणाला दूधमधाचा देश, कुणाला भरलेली वाटी. आणि मला काय, तर गप्प राहा! नव्या वर्षाच्या पहिल्या भक्तीला ताटलीत वचनाच्या चिठ्ठ्या ठेवतात, डोळे मिटून एक उचलायची, ते आपलं वर्षाचं वचन. मी चांगली खालनं काढली. सुनेनं, संयोगितानं, माझ्या हातातनं घेऊन मोठ्यानं वाचली, देव तुमच्या वतीनं लढेल, तुम्ही गप्प राहा. लालासाहेब एवढा हसला की पाळकसाहेबांनी वळून बघितलं. पोटचा पोरगा. "आई, देवालापण तुझं ऐकून कंटाळा आला बघ," म्हणतो.

राग सांगून झाला, आता सलाम. ही डायरी लालासाहेबाला कुपवाडच्या कारखान्यातनं मिळाली, वर नटबोल्टचं चित्र हाय. मी सुलाबाई. शाळा मेढ्यात तिसरीपर्यंत, जोडाक्षर आलं की गाडी अडते. पण वर्षभर तोंड मिटायचं असंल तर मी हातानं बोलते. त्याला चिठ्ठीत मनाई न्हाई.

३ जानेवारी

लाज वाटायसारखं झालं. सकाळी नेहमीप्रमाणं दूध तापत ठेवून स्तोत्र वाचायला बसले. वाचलं, पान उलटायला गेले तर ध्यानात आलं, हे पान मी आत्ताच वाचलं हुतं. दोनदा वाचलं आणि एकदाबी ऐकलं न्हाई. तोंड वाचत हुतं, मी मात्र तेवढ्यात शेपू निवडून, गॅसवाल्याशी भांडून परत आले हुते. लगीन झाल्यापासनं रोज पहाटे वाचत आले. शास्त्राच्या पुस्तकाची पाठ निघाली तवा सुतळीनं शिवली. पुस्तक फेकलं की पाठ निघतेच, कुणी का फेकंना. शिवून तसंच वाचत बसले. घरात काय चाललंय ते कानावर येत न्हाई, एवढा वाचण्याचा फायदा हुता.

पण मालक गेल्यापासनं घरात कुणी वरडत न्हाई. मग मी कशापायी वाचते?

संयोगिताला म्हणलं, वाचन शिळं झालंय. ती खूश. सून चांगली हाय, पण सगळ्याला योजना लागते. "आई, तुम्ही आमच्या ग्रुपवर या. रोज तीन अध्याय. वर्षात बायबल पूर्ण. वाचलं की हात जोडलेला टाकायचा."

"पूर्ण करून जायचं कुठं?"

"आई!"

"आज काय वाचलंस?"

"नोहा."

"नोहाची बायकू काय म्हणली?"

"तिचं काही लिहिलेलं नाही."

"मग तेवढ्या जनावरांचं शेण कुणी काढलं?"

ती डबा घेऊन गेली. मी दुपारपर्यंत त्या बाईपाशीच बसले. नाव न्हाई, गाव न्हाई, बोट हलतंय, खाली पाणी. चूल कुठं मांडली असंल? पहिल्यांदाच वाटलं, हे शास्त्र माझ्या वळखीचं न्हाई. बरं वाटलं.

७ जानेवारी

माझ्या चिठ्ठीचा अध्याय काढला. चिठ्ठीवर बारीक अक्षरात आकडा हुता, क्रांतीनं बघून दिला. क्रांती माझी नात, कुपवाडात एका कारखान्यात माल तपासायचं काम करते. गाडी अशी चालवते की रस्ता तिच्या बापाचा.

तर समुद्र पुढं, फौज मागं, लोक रडतायत. मोशे म्हणला गप्प राहा, देव लढंल. झालं, माझी चिठ्ठी इथं संपली. पण शास्त्र कुठं संपलंय? मी बोट तसंच पुढं सरकवलं. लगेच खालच्या ओळीत देव मोशेला म्हणतो, माझ्याकडं काय वरडत बसलाईस, लोकांना म्हणावं चला पुढं!

मी एकटीच हसले. चिठ्ठ्या कापणाऱ्यानं बरोबर तिथंच कात्री मारली.

संयोगिताला दाखवलं. म्हणाली, "आई, तुमच्या कार्डावर तेवढंच आहे ना?"

"कात्री प्रेसवाल्याची, वचन देवाचं," म्हणलं. "मी वरची ओळ घेते, खालचीबी घेते."

२० जानेवारी

मधल्या दिवसांत वाचन बरं चाललं, म्हणून काय लिवलं न्हाई. भांडण झाल्याबिगर लिवू वाटत न्हाई, ही माझी खोड.

काल साताऱ्याचे पाहुणे आले. पोराचं नाव वीरधवल. तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत नोकरी, मंडळीत पेटी वाजवतो, दारू न्हाई, तंबाखू न्हाई. नख कापलेलं. मी लय बघितलं, खोट सापडंना, त्यानं जास्त राग आला. त्याची आई बोलली, आमची संयोगिता बोलली, लालासाहेबानं मान हलवली. क्रांतीनं चहा ठेवला आणि दारापाशी उभी राहिली. तिला कुणीबी काय इचारलं न्हाई. नोकरीचं म्हणाल तर त्याची आई म्हणली, "साताऱ्यात बघू काहीतरी." बघू! पोरगी काय बदलीचा शिपाई हाय?

पाहुणे गेल्यावर क्रांती माझ्याजवळ बसली. तोंड एवढंसं. माझ्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत म्हणाली, "आजी, हे थेंब नंतर कोण घालणार तुझे?"

"मी काय आंधळी झाले? मी घालीन."

बाटलीला टोपण लावून उठली. पोरगी मनातनं खचलीय. मला कळतं.

२७ जानेवारी

साखरपुडा झाला. साताऱ्यात, काल. पाळकसाहेब इथनं आमच्याबरोबर गाडीत आले आणि उपदेश दिला रिबेकावर. माझ्या लग्नात रिबेका, लालासाहेबाच्या लग्नात रिबेका. रिबेका आज्ञाधारक, रिबेकानं उंटांना पाणी पाजलं, रिबेकासारखी हो. क्रांती मान खाली घालून बसलेली. अंगठी घालताना त्या पोरानं तिला हळूच काहीतरी सांगितलं, तिनं ओठ चावला. बघा, आत्तापासनं दम देतोय.

आज गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर क्रांती फोनवर. खिदळत हुती. मला बघितल्यावर फोन बंद. "कामावरची मैत्रीण," म्हणाली. तेवढीच एक जागा उरलीय बिचारीला हसायला.

२९ जानेवारी

रिबेकाचा अध्याय वाचला, धन्याच्या पोराला बायकू शोधायला गडी विहिरीवर येतो तो. लय लांब. दोन सकाळी लागल्या. मधी मधी चष्मा पुसला, मधी मधी शेंगा फोडल्या. मदिनाबी आली हुती, शेजारीण, आमचं चाळीतल्या दिवसांपासनं एकत्र चाललंय. ती बसली की मी मोठ्यानं वाचते. ती मधीच अडवते, त्यामुळं नीट वाचावं लागतं.

"थांबा आक्का. उंट किती?"

"दहा."

"आणि एकटी पोरगी पाणी काढती? उंट काय कपानं पितोय व्हय? आणि तो गडी उभा राहून बघतोय?"

"बघतोय. मनात प्रार्थना करतोय."

"प्रार्थना कर बाबा, पण एक हंडा तर उचल!"

मदिनाबी रोज पहाटे तिचं कुराण वाचते, अरबीत. मी इचारलं, रोज तेच वाचून तुझं शिळं हुत न्हाई का. म्हणाली, "हुतंय की. शिळं झालं की माझ्या पोरीला, रुक्सारला, मराठीत अर्थ वाचायला लावते. मग तिच्याशी भांडते, मग ताजं हुतं." बाई शहाणी हाय.

आणि शेवटाला बघते तर काय! गडी म्हणतो मला आजच निघायचं, घरचे म्हणतात थांब दहा दिवस. मग ते म्हणतात, पोरीला बोलवू या, तिलाच इचारू. बोलवलं. इचारलं. या माणसाबरोबर जातीस का? ती म्हणाली, जाते.

इचारलं! एवढ्या जुन्या काळात, वाळवंटात, उंटावर बसणाऱ्या लोकांनी पोरीला इचारलं. माझ्या लग्नात, पोराच्या लग्नात, नातीच्या साखरपुड्यात मला पाणी पाजणारी रिबेका सांगितली, ही ओळ कुणी सांगितली न्हाई. आणि मी एवढी वर्षं वाचून ती बघितली न्हाई. मदिनाबी म्हणाली, "आक्का, आता काय करणार?" मी म्हणलं, "बघते."

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली पुकार झाली. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मंडळीत दोघांची नावं वाचतात. कुणाला हरकत असंल तर सांगा म्हणतात. तीन झाल्या की लगीन. बावीस तारखेला धरलंय.

मी बसून राहिले. गुडघा दुखत हुता, हे खरं. भ्याले, हेबी खरं. पाळकसाहेब 'हरकत' म्हणून थांबले तवा साऱ्या चर्चमधी पंख्याचा आवाज. मला माझी पुकार आठवली. मी मागं चटईवर आईशेजारी बसले हुते आणि पाळकांनी माझं नाव वाचलं. मला वाटलं, दुसरी कोण सुला असंल. आईनं कोपरानं ढोसलं तवा कळलं की लगीन माझं हाय. बाकी काय झालं? काय न्हाई झालं. संसार झाला.

दर रविवारी गाणारी क्रांती आज गायली न्हाई. गाण्याच्या वह्या वाटून मागं जाऊन बसली.

५ फेब्रुवारी

पाळकसाहेबांकडं गेले, शास्त्र पिशवीत घालून. चहा दिला, बसायला खुर्ची. मनुष्य वाईट न्हाई. मी ती ओळ काढून दाखवली. "हे वाचलंय का तुमी?"

"वाचलंय, सुलाबाई. तुम्ही त्याच्या वरचं पण वाचा. बाप आणि भाऊ आधीच म्हणाले होते, ही तुमच्यापुढे आहे, घेऊन जा. नथ घातलेली, बांगड्या घातलेल्या. शेवटी विचारलं ते एवढंच, की आजच निघतेस का."

मी वाचलं. तसंच हाय. मी चिठ्ठीवाल्यांना नावं ठेवली आणि मीबी माझ्या सोयीची कात्री मारली.

"आणि क्रांतीनं अर्जावर सही केली आहे," ते म्हणाले.

"सही ती कुरिअरवाल्यालाबी देते."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं, त्यांनी उशिरा इचारलं, तुमी अजून इचारलं न्हाई. उशिरा बरं का कधीच न्हाई बरं?"

ते हसले. म्हणाले, लालासाहेबाशी बोलतो. बोलले नसणार. घरी आले तर संयोगिता पत्रिकेवर हळद लावत बसलेली. "आई, कुठं गेला होता?" गप्प राहिले. चिठ्ठी पाळली एकदाची.

८ फेब्रुवारी

तीन दिवस वाचवंना. शास्त्र उघडते आणि पाळकसाहेबांचं बोलणं ऐकू येतं. चांगल्या मनुष्यानं बरोबर सांगितलं की वाईट वाटतं. मग आज ते मोशेचं परत काढलं. पाण्यात पाय घालायच्या आधी पाणी फाटलं का नंतर? आधी फाटलं, लिवलंय तसं. माझ्यासाठी फाटंल असं वाटत न्हाई. पण मागं फौज हाय आणि उद्या रविवार हाय.

९ फेब्रुवारी, रविवार

उठले.

पाळकसाहेबांनी नावं वाचली, हरकत म्हणून थांबले, आणि मी पुढच्या बाकाला धरून उठले. "हरकत हाय. पोरीला कुणी इचारलेलं न्हाई." आमच्या मंडळीतल्या पेटीवाल्या पोराचं बोट पट्टीवर पडलं, प्यां झालं. लालासाहेब पदर वढाय लागला, "आई, बस. आई, हात जोडतो, बस." म्हणलं, "आता बसले तर गुडघं परत उठवणार न्हाईत. सांगून झाल्यावर बसंन." पुढच्या बाकावरच्या बाया सगळ्या वळून. पाळकसाहेब लाल झाले, पण म्हणाले, "उपासनेनंतर बोलू," आणि पुढचं काय न वाचता गीताचा नंबर सांगितला. कुणी नीट गायलं न्हाई.

मला वाटलं क्रांती येऊन मिठी मारंल. बाहेर गाडीपाशी उभी हुती, डोळं लाल.

"आजी, तुला कुणी सांगितलं मला तो नको म्हणून?"

"तुझं तोंड सांगतंय."

"माझं तोंड! सगळ्या मंडळीत माझं तोंड! त्यांनी मला नाही विचारलं, बरोबर. तू विचारलंस? एकदा तरी? रोज थेंब घालते तुझ्या डोळ्यात, समोर असते. विचारलंस?"

गाडीला चावी फिरवली आणि गेली. मला तिच्या मागं बसून यायचं हुतं. रिक्षानं आले.

१० फेब्रुवारी

संयोगिता भांडी आपटते. तिनं आज ग्रुपवर हात जोडलेला टाकला न्हाई, लालासाहेब म्हणाला. साताऱ्याहून फोन आला हुता, ते लोक गुरुवारी येतायत, खुलासा पाहिजे त्यांना. लालासाहेब म्हणाला, "लगीन मोडलं तर आई, तू जबाबदार."

म्हणलं, "हाय जबाबदार. भीत न्हाई."

भीत हुते. क्रांतीनं थेंब घातले. थंडगार थेंब.

रिबेकाचा अध्याय परत वाचला. यावेळी त्या गड्याचा लय राग आला. सगळ्यात जास्त बोलतो तो. विहिरीवर बोलतो, घरात बोलतो, जेवायला वाढलेलं ठेवून बोलतो, माझ्या धन्यानं असं सांगितलं, मी अशी प्रार्थना केली. मनानं चांगला हाय, पोरीचं भलंच बघतोय, पण सगळं हाच बोलतोय. ती एवढंसं बोलते, जाते. कसला हा मनुष्य! वहीत लिवून ठेवला म्हणजे बरं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वीरधवल आणि त्याची आई आले. मी आज पलंगावर न बसता मधी खुर्ची घेऊन बसले.

त्याची आई म्हणाली, "आजी, आमच्या पोरात काय खोट दिसली तुम्हाला?"

"खोट न्हाई. लय शोधली."

"मग मंडळीत आमची अब्रू..."

"तुमची अब्रू जागेवर हाय. आमच्या पोरीचं तोंड जागेवर न्हाई, त्याचं बोलतोय."

संयोगिता मधी, "आमची तयारी आहे हो, क्रांतीला काही अडचण नाही." लालासाहेब म्हणाला, "तिची पसंती आहे, मी बाप सांगतो." तिची आई, तिचा बाप, त्याची आई. तिघं तिच्या वतीनं एका दमात बोलत हुते. तेवढ्यात ते पोरगं घसा खाकरून म्हणालं, "आजी, खरं सांगू का, मला पण कुणी विचारलं नाही."

क्रांती फसकन हसली. त्या हसण्याची मला वळख पटली. गच्चीवरचं हसणं. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं, आणि मग फरशीकडं. कामावरची मैत्रीण म्हणं!

म्हणजे तिची हरकत त्या पोराला नव्हतीच. मग तोंड कशापायी उतरलेलं? मला उमजंना, आणि उमजलं न्हाई तर मी बोलते. पण यावेळी पदर तोंडाला लावला. त्या पोराला म्हणलं, "तू थांब. तुला तुझी आजी इचारंल." मग क्रांतीला म्हणलं, "इकडं ये. समोर बस. या माणसाबरोबर जाणार का? आणि कसं जाणार?"

संयोगितानं तोंड उघडलं. मी नुसतं बघितलं. तिनं मिटलं.

क्रांती समोर येऊन बसली. चहा गार झाला, साय आली. मग म्हणाली, "मला रविवारपर्यंत वेळ पाहिजे. तो आवडतो का, हे नाही. ते वेगळं. नोकरी सोडायची का, साताऱ्यात राहायचं का कुपवाडात, बावीसलाच का, आजीचं काय. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून मी ठरवलंच नाही. आता विचारलंय तर मला ठरवू दे."

त्याची आई म्हणाली, "पण पत्रिका छापल्यात."

"असू द्यात," वीरधवल म्हणाला. आईकडं न बघता. खोट न्हाई, मी म्हणले हुते.

पाळकसाहेबांना लालासाहेबानं फोन केला. ते म्हणाले, क्रांती स्वतः येऊन सांगेपर्यंत तिसरी पुकार वाचणार न्हाई. मनुष्य वाईट न्हाई, हेबी मी म्हणले हुते.

पाहुणे गेल्यापासनं संयोगिता तिच्या मागं मागं. ताट वाढताना, केस विंचरताना. "काय ठरवलंस? सांग की. मी आई आहे." लालासाहेब दर घटकेला घसा साफ करतो. मलाबी जिभेवर येतंय, मी सांगू का तुला काय करायचं, मला चांगलं ठावं हाय काय करायचं. म्हणून हे मोठ्या अक्षरात लिवते आणि पान फाडून फ्रिजवर चिकटवते.

या घरात रविवारपर्यंत क्रांतीला कुणी टोकायचं न्हाई. साताऱ्याचा फोन आला तर तिनं उचलायचा. पाळकसाहेब आले तर चहा संयोगितानं द्यायचा, बोलायचं क्रांतीनं. शेजारीपाजारी इचारतील, मंडळीतल्या बाया इचारतील, मामा इचारंल. उत्तर क्रांती देणार. तिचा बाप न्हाई, तिची आई न्हाई, आणि सुलाबाई तर मुळीच न्हाई.